कार्ड नंबर सत्तावीस

शहापूर,
सोमवार, १० मार्च २००८

प्रिय बाबा,

पत्र बघून तुम्ही म्हणाल, पोरगी आज सकाळीच तर गेली इथून, मग हे आणि काय नवीन? तीन दिवस घरात होते, तोंडाचा पट्टा सारखा चालू होता, आणि जे सांगायचं होतं तेवढंच सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, जमलंच नाही. शुक्रवारी दुपारी मी न कळवता दारात येऊन उभी राहिले, एक चप्पल पायात, तुटलेली हातात, आणि तुम्ही पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसला होतात. मी तुमच्याकडे बघितलं आणि तिथेच मातीत बसकण मारली. "काय गो, कुत्रं लागलं का मागं?" असं तुम्ही विचारलंत, आणि मी वेड्यासारखी हसले. मग उठून माळ्यावर चढले, विहिरीचा दोर कुठाय ते विचारलं, गोठ्यातल्या फळीवरची फवारणीची बाटली पिशवीत टाकून मालूताईकडे नेऊन दिली.  बाबा, किन्हवलीच्या स्टँडवरून मी घरापर्यंत धावत आले होते, आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की आता आपल्या दारात माणसं जमलेली दिसणार. उशीर झालाय असंच मी धरून चालले होते. 

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मलाही नीट कळेल. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिन झाल्यावर आमच्या संस्थेने आपल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत तो कॉम्प्युटर बसवला, आठवतं ना? ज्या घरात मयत झालीय, ज्या बायकांचं मन कशातच लागत नाही, त्यांच्यासाठी. चादरीचा पडदा लावायचा, आत एकीने बसायचं, कानाला हेडफोन लावायचे. मशीन सहा प्रश्न विचारणार, आपण बटण दाबायचं. वाचता येण्याची गरज नाही, बटणांवर तोंडं काढलेली. हिरवं हसरं, पिवळं गप्प, लाल रडकं. बोलायचं नाही की कोणाला तोंड दाखवायचं नाही. दर शनिवारी त्याची सीडी तिथलं केंद्र सांभाळणारी मालूताई एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, ती शहापूरला आमच्या ऑफिसात, आणि तिथून मुंबईला डॉक्टर मॅडमकडे. मनाच्या डॉक्टर आहेत त्या. कार्डावर नुसता नंबर, नाव फक्त रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर कपाटात बंद. लाज वाटू नये म्हणून.

त्यात आधी मुंबईच्या कुठल्या बाईचा आवाज होता. "आपणांस निद्रानाशाचा त्रास जाणवतो काय?" असं ती विचारायची आणि आपल्याकडच्या बायका हेडफोन काढून फिदीफिदी हसायच्या. मग मॅडम म्हणाल्या, संध्या, तुझ्या आवाजात कर, तुमच्या घरी बोलता तसं. ऑफिसच्या खोलीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि घामाने निथळत मी सगळं म्हटलं. झोप लागते का गो ताई? चार घास पोटात जातात का? एकटी असताना रडू येतं का? चार माणसांत जावंसं वाटतं का? जे झालं ते आपल्यामुळंच झालं, असं वाटतं का? आणि सहावा प्रश्न, जीव नकोसा झालाय असं वाटतं का गो? तो सहावा म्हणताना माझी जीभ अडखळली होती, चार वेळा करावा लागला. शेवटी एक वाक्य होतं. ताई, तू सांगितलंस ते लई बरं केलंस. पुढच्या शनिवारी ये, मी हाय. घरी येऊन मी हे फुशारकीने सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता कॉम्प्युटरला पन गप बसवनार नाय ही." आईसुद्धा हसली होती, पोटचा म्हेंद्र गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, चला, कुठेतरी उपयोग झाला आपल्या बडबडीचा.

आणि पहिल्या महिन्याचा निकाल काय आला सांगू? सगळं हिरवं! एकूण एक बाई हसरं तोंड दाबून बाहेर. सावळीकाकीचा नवरा जाऊन वीस दिवस झाले होते, तिनेसुद्धा सहाच्या सहा हिरवी दाबली. मालूताईने विचारलं, अगं हे काय, तर म्हणाली, "एवढं गोड इचारते पोर, तिला कशाला गो वायट वाटवू?" मॅडमनी मुंबईहून फोन करून मला विचारलं, तुमच्या तालुक्यात दुःख नाहीच का? त्यांना काय कळणार. आपल्याकडे कोणी बरं हाय का म्हणून विचारलं तर बरं हाय म्हणायचं असतं. घरात चूल पेटलेली नसली तरी बरं हाय. मशीन झालं म्हणून काय झालं, विचारलं म्हणजे पाहुणाच तो. मी मॅडमना हे समजावून सांगताना हसत होते. हसत होते बाबा, याचंच आता राहून राहून नवल वाटतं.

फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला, शुक्रवारी, त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता. म्हणाल्या, संध्या, कार्ड नंबर सत्तावीस. नऊ शनिवार झाले, पाचवा प्रश्न दर वेळी लाल, आणि गेले चार शनिवार सहावासुद्धा लाल. रजिस्टर उघड, बाई कोण आहे बघ, आणि आजच्या आज तिच्या घरी जा. मी किल्ली लावली, बोट फिरवत खाली आले. सत्तावीस. गीताबाई सोमा. वय सत्तावन्न. आपली आई. मला एकदम काही दिसेना, बाबा. कपाटाला धरून उभी राहिले.  चार शनिवार माझी आई मरायचं म्हणत होती आणि मी तिच्याच सीडीवर नंबर टाकून मुंबईला पाठवत होते!

त्या संध्याकाळी मी घरी येऊन काय तांडव केलं ते तुम्हाला माहीत आहे. कारण मात्र सांगितलं नाही, मॅडमनी सांगितलं होतं, गाजावाजा करू नको. आईला म्हटलं, चार दिवस मुरबाडला जनामावशीकडे चल, तिचे गुडघे दुखतात. आणि तुम्हाला गोठ्याकडे बाजूला नेऊन नाही नाही ते बोलले. तुमचं लक्ष असतं कुठे, म्हटलं. बायको आतल्या आत संपत चाललीय आणि तुम्ही कोंबड्यांना दाणे टाकत शीळ घालता. तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही, म्हेंद्रचंही नाही वाटलं. हे मी बोलले. माझ्या तोंडाने बोलले. तुम्ही दाण्यांची परात तशीच हातात धरून म्हणालात, "व्हय गो, लक्ष नव्हतं माजं." एवढंच. दुसऱ्या दिवशी आम्हाला एसटीत बसवून द्यायला आलात, आईची पिशवी खिडकीतून दिलीत, आणि गाडी वळेपर्यंत उभे होतात. त्याच दिवशी ऑफिसला फोन करून मी सत्तावीस नंबर मशीनमधून बंद करायला सांगितला. मॅडम म्हणाल्या होत्या, आता मशीन पुरे, आता तिच्याजवळ माणूस पाहिजे. माझं डोकं किती छान चाललं होतं बघा.

मुरबाडला वीस दिवस मी आईवर पहारा ठेवला. रजा संपली तशी मी रोज शहापूर-मुरबाड ये-जा करायला लागले, दिवसा जनामावशी आणि संध्याकाळी मी. आणि आई? आई मजेत! भाकऱ्या मावशीपेक्षा जास्त खायची, टीव्हीवरून तिच्याशी भांडायची, गुडघ्याला तेल लावून द्यायची आणि लावता लावता म्हेंद्रची आठवण काढून मोठ्याने रडायची. रडून झालं की नाक पुसून विचारायची, वालाला आज फोडणी कशाची देऊ? तुम्हाला तिचं रडणं माहीत आहे. गावाला माहीत आहे. म्हेंद्र गेला तेव्हा तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होता, आणि म्हणून तर आपण सगळे तिला सावरायला धावलो. मी आणि मावशी एकमेकींकडे बघायचो. हिला होतंय तरी काय, आम्हाला कळेना. मला वाटलं, वरवर दाखवते. आतलं त्या मशीनलाच सांगते.

शेवटी शुक्रवारी सकाळी न राहवून मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, आई, त्या मशीनला जे सांगितलंस ते मला सांग ना.  "कुठली मशीन? त्या पेटीपुढं मी कवा गो बसले?" म्हणाली. "मला नाय जमत ते कानाला लावायला, डोकं गरगरतं. एकदा बसले नि उठले. मी भाईर मालूसंगं वाल सोलत बसायचे. तुजा बा बसायचा आत." बाबा, मला वाटलं माझ्या कानातच काही बिघाड झालाय. मी म्हटलं, ते बायकांसाठी आहे, कार्ड तुझं आहे. तर म्हणते, "कार्ड घरचं हाय ना? रेशनला कोन गेला ते बघतात काय? येवढं यायचं तर फुकट कशाला घालवायचं, तू तरी बस, असं मीच बोलले त्याला. तर तुजा आवाज हाय म्हनून बसला. मंग दर शनवारी मलाच घाई करायचा, चल चल."

तुझा आवाज हाय म्हणून बसला. आईने हे इतकं सहज सांगितलं, लसूण सोलता सोलता.  मी मावशीला म्हटलं, आईला सांभाळ, आणि चप्पल अडकवून निघाले. मुरबाडहून सरळगाव, सरळगावला तासभर गाडी नाही, मग एका जीपच्या मागे लटकून किन्हवली. सगळ्या रस्ताभर एकच हिशेब डोक्यात. ज्याला जीव नको झालाय त्याच्याजवळचं माणूस मी उचलून नेलं. त्याचं मशीन मी बंद केलं. त्याला वरून मी झापलं, तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही म्हणून. वीस दिवस तो माणूस त्या घरात एकटा, दोर आणि बाटलीसकट. आणि पोहोचले तर तुम्ही तांदूळ निवडताय.

शनिवारी मी दूध आणायला म्हणून गेले ना, ती मालूताईकडे गेले होते. तिला आधी खूप बोलले, मग दोघी रडलो. तिचं म्हणणं, कार्ड घरचं, सोमाभाऊ घरचेच, त्यात नियम कुठं मोडला? आणि तुम्ही तिला म्हणाला होतात, "संध्याला बोलू नको, हसंल ती." मी हसले असते का बाबा? हसलेच असते बहुतेक. तिने सांगितलं ते असं. सगळ्या बायका उरकल्या की तुम्ही आत जायचात, टोपी काढून मांडीवर ठेवायचात आणि पडदा नीट ओढून घ्यायचात. बाकीच्यांचं पाच मिनिटांत होतं, तुम्हाला अर्धा तास लागायचा. एकेक प्रश्न तुम्ही दोन-दोनदा ऐकायचात. ते मशीन तुम्हाला ताई ताई म्हणायचं, गो म्हणायचं, आणि तुम्ही, ज्यांना भातसानगरच्या धरणाच्या कॉलनीत सगळे वचकून असायचे, ते निमूट ऐकून घ्यायचात.

बायकांनी हिरवं दाबलं आणि तुम्ही खरं दाबलंत, हे काही मला नवीन वाटलं नाही. तीस वर्षं तुम्ही रोज सकाळी धरणाच्या पट्टीवरची पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिलीत. पट्टी सांगते ते लिहायचं, साहेबाला काय बरं वाटेल ते नाय, हे मी लहानपणापासून ऐकत आले. एकदा तापाने फणफणला होतात तेव्हा त्या दिवसाची ओळ कोरी ठेवलीत. अंदाजाने लिहा म्हटलं आईने, तर म्हणालात, नाय बघितलं म्हंजे नाय बघितलं. मग मशीनने विचारल्यावर तुम्ही कशाला खोटं दाबाल? आख्ख्या तालुक्यात एकच माणूस खरं बोलला, आणि तो माझा बाप निघाला.

आज ऑफिसात आल्या आल्या मी सत्तावीस नंबरचं सगळं पुन्हा उघडलं. पंधरा डिसेंबर ते नऊ फेब्रुवारी. झोप, लाल. जेवण, पिवळं, पिवळं, लाल. रडू येतं का, याला दर वेळी हिरवं, म्हणजे येत नाही. ते मॅडमच्या लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही. आई असती तर तिथे लाल असतं ना! एवढंसुद्धा मला दिसू नये? पाचवा, नऊच्या नऊ लाल. आणि सहावा. मी हेडफोन लावले आणि माझाच आवाज ऐकला. जीव नकोसा झालाय असं वाटतं का गो? समोर तुमचं बटण, लाल, तारखेसकट. मीच विचारत होते आणि तुम्ही मला सांगत होतात, आणि मी तिथे नव्हतेच. तू सांगितलंस ते लई बरं केलंस, असं मी त्याच गोड आवाजात म्हणत होते. पुढच्या शनिवारी ये, मी हाय. आणि तुम्ही पुढच्या शनिवारी जात होतात. कदाचित तेवढ्यासाठीच तो आठवडा काढत होतात. हे मनात आलं आणि मी ऑफिसात सगळ्यांसमोर भोकाड पसरलं, अगदी आईसारखं.

मालूताईने अजून एक सांगितलं, ते लिहू की नको असं मघापासून चाललंय. आईला मी नेल्यावरही तुम्ही दोन शनिवार गेला होतात. एकटेच. सत्तावीस नंबर तुम्हाला पाठच होता, तो दाबलात. तर मशीन म्हणालं, ताई, हे कार्ड बंद आहे. तेही मीच बोलून ठेवलंय, प्रश्न म्हटले त्याच दिवशी, त्याच गोधड्यांच्या खोलीत.  बाहेर येऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसलात आणि केंद्र बंद होईपर्यंत बसून राहिलात. दुसऱ्या शनिवारीही तेच. मालूताईने चहा दिला तो घेतलात, कप विसळून ठेवलात. तुमच्या पोरीने आधी गोठ्याकडे नेऊन शिव्या घातल्या, मग मशीनमधूनही हाकललं. नकळत झालं, असं मी स्वतःला समजावून बघितलं. समजत नाही.

आता पाचव्या प्रश्नाचं. हे मी आजवर कोणाला बोलले नाही, आईलाही नाही. म्हेंद्रला शेतात घोणस डसली त्या दुपारी मी शहापूरला दवाखान्याच्या दारात उभी होते, निरोप आला तेव्हापासून. गवताच्या टेम्पोतून तुम्ही त्याला आणलंत. तो गेलेला होता. सगळे रडत होते, आणि मी त्याचा हात हातात घेतला तर मनगटाला काळा दोरा. ताजा, गाठ घट्ट. मला एका क्षणात कळलं, बाबा. गावातून तीनला जी जीप सुटते ती तुम्हाला का मिळाली नाही ते कळलं. विष उतरवायला भगताकडे जाल तर माझ्याशी गाठ आहे, असं आयुष्यभर गावाला दटावणारा माणूस त्या दिवशी म्हेंद्रला घेऊन वाटेतल्या भगताच्या अंगणात थांबला. पाच मिनिटं थांबलात की अर्धा तास, मला माहीत नाही, विचारणारही नाही. पाठीवर पोरगा काळानिळा पडत असताना कोणी हात धरून सांगितलं असेल, इथं जवळच हाय, चला, आणि तुम्ही गेलात. मी तो दोरा सोडला. गाठ सुटेना तर दातांनी तोडला आणि गटारात टाकला. समाजाच्या कोणाला दिसू नये, तुम्हाला कोणी काही बोलू नये म्हणून. मग तुम्ही गाडी मिळाली नाही असं सगळ्यांना सांगितलंत आणि मी मान हलवली. म्हेंद्रच्या जलदानविधीच्या दिवशी तुम्ही पंगतीत फिरून एकेकाला आग्रह करत होतात, आणि मी मनात म्हणत होते, बरं झालं, बाबा सावरले.

तुम्ही त्या दोऱ्याचा किती शोध घेतला असेल! मनगटावर नव्हता तेव्हा कोणी बघितला, कोणी काढला, कोणाला माहीत आहे, हे सोळा महिने तुमच्या डोक्यात फिरत असणार. मी काढला. मला माहीत आहे. मला राग आला होता का? आला होता, खोटं कशाला बोलू, तुमच्याच घरात वाढले. दोन-तीन महिने खूप आला होता. पण त्या वाटेवर मी असते आणि कोणी म्हटलं असतं, हा दोरा बांधला की भाऊ वाचेल, तर मी दहा दोरे बांधले असते. जीपमध्ये घातला असता तर म्हेंद्र वाचला असता का? मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेच तुम्हाला सांगते, उगाच वाढवून सांगत नाही. सांगता येत नाही, बाबा. पण भाऊ असा घालवायचा आणि वर बापही घालवायचा, हे मला झेपणार नाही. मला तुम्ही पाहिजे आहात. हे तोंडावर म्हणायला तीन दिवस मी धडपडत होते आणि दर वेळी तोंडातून काय बाहेर पडलं, तर चहात साखर कमी आहे, नाहीतर कोंबडी खुडूक बसलीय.

म्हणून हे पत्र, आणि सोबतची पिशवी. आई काल घरी आलीच आहे, तिला मी काही सांगितलं नाही, ते तुमचं तुम्ही सांगा, जमेल तेव्हा. बुधवारी डॉक्टर मॅडम शहापूरला येतात, मी सकाळच्या गाडीने तुम्हाला न्यायला येते, धोतर नको, ती पांढरी पँट घाला, आणि नाही म्हणायचं नाही. आपल्या गावातलं मशीन या आठवड्यातच उचलणार आहेत, संस्थेचं काम संपलं, त्यामुळे पुढचा शनिवार धरू नका. पिशवीत मोबाइल आहे, साधाच. आपल्या पडवीत रेंज नाही हे मला माहीत आहे, पण समाजमंदिराच्या पायरीवर येते, मी शनिवारी तिथे बसून बघितलं. तुम्ही बसता तीच पायरी. रोज संध्याकाळी सहा वाजता तिथे जाऊन बसा, मी फोन करीन. बोलायला मी सांगणार नाही, तुम्हाला ते येत नाही आणि मलाही आलं नाही. मी सहा प्रश्न विचारीन, त्याच आवाजात, फक्त ताई म्हणणार नाही. तुम्ही बटण दाबायचं, मला इकडे आवाज येतो, ऑफिसात दोनदा करून बघितलंय. एक म्हणजे हिरवं, दोन पिवळं, तीन लाल. मला बरं वाटावं म्हणून एक दाबू नका, पट्टीवर दिसेल तेच दाबा. आणि तीन दाबलंत तर फोन ठेवू नका, कितीही वेळ लागू दे, मी पहिली गाडी पकडून तुमच्या शेजारी येऊन बसेपर्यंत तिथून उठू नका. उद्या मालूताई पिशवी देईल, उद्याच सहाला सुरू करू. पुढच्या शनिवारी ये, मी हाय, असं मी त्या मशीनमधून नऊ वेळा म्हटलं आणि एकदाही तिथे नव्हते. उद्या सहाला मी हाय, बाबा.

तुमचीच, तुम्ही जिला सत्तावीस नंबरवरून सगळं सांगितलंत ती,
संध्या